भूकंपानंतर पुन्हा छताखाली झोपायचा धीर कसा आला? किल्लारी-सास्तूर भागातल्यांनी सांगावं

पूर्णाकाठची

नमस्कार मंडळी,

मी वसमत तालुक्यातली. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोली, नांदेड, परभणीकडे धक्का बसला, तो बातम्यांत आला होता. ४.५ तीव्रतेचा. याच वर्षी २१ मार्चला सकाळी लागोपाठ दोन बसले होते. बाकी महाराष्ट्रासाठी ही दोन ओळींची बातमी. पण आमच्याकडे पांगरा शिंदे आणि आजूबाजूच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, त्याला कित्येक वर्षं झाली. आवाज आला की भांडी वाजतात, गुरं दावणीला ओढ देतात आणि सगळा गाव रस्त्यावर येतो.

जुलैपासून माझी आई घरात झोपत नाही. पडवीत, उंबऱ्याच्या बाहेर अंथरूण टाकते. पाऊस आला तर बसून राहते. माझी धाकटी जाऊ लेकराला आत आंघोळसुद्धा घालत नाही. घरातले पुरुष वरवर म्हणतात काही होत नाही, पण रात्री तेही जागेच असतात हे मला दिसतं. अधिकारी येतात, "घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. पण घाबरू नका म्हटल्यानं भीती जाते का हो?

आपल्या मराठवाड्यातच १९९३ ला किल्लारी झालं. तुम्ही तर सगळं गमावून बसला होता. मग पुन्हा भिंतीआड, छताखाली झोपायला कसे लागलात? कुणामुळे? मला शास्त्रीय माहिती नको, ती मिळते. माणसांनी काय केलं ते सांगा.

---

माळवद

ताई, मी लोहारा भागातला. तेव्हा शाळेत होतो. तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

आधी एक स्पष्ट सांगतो. मी तुम्हाला "काही होत नाही" असं म्हणणार नाही. १९९२ च्या पावसाळ्यात आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत किल्लारीलाही असेच हादरे बसत होते. तेव्हाही लोक अंगणात झोपले. मग हादरे थांबले, थंडी आली, लोक आत गेले. पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून गाव झोपलं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी व्हायचं ते झालं. त्यामुळे तुमच्या आईची भीती येडेपणाची नाही. घरातल्यांनी आधी हे मान्य करावं. आमच्याकडे माझ्या आजीला कुणी "उगं भिऊ नको" म्हटलं की ती आणखी भ्यायची.

आता तुम्ही विचारलेलं. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, ओळीनं सगळी. पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही हे कळत होतं, तरी झोप लागायची नाही. जवळून ट्रक गेला की पत्रा थरथरायचा आणि एका शेडमधून लेकरू किंचाळलं की ओळीच्या ओळ बाहेर. पाठीमागून छोटे धक्के येतच होते, त्यामुळे खरा कोणता नि ट्रकचा कोणता हे अंधारात उमगायचं नाही.

मग आमच्या ओळीतल्या माणसांनी पाळ्या लावल्या. रोज रात्री एक जण कंदील घेऊन ओळीच्या टोकाला बसायचा. नात्यात चुलत आजोबा लागायचे असे एक म्हातारे होते, त्यांच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. बहुतेक रात्री तेच बसायचे, दुसऱ्याची पाळी असली तरी. रस्त्यावर ट्रक दिसला की तो ओळीजवळ येण्याआधीच ते मोठ्यानं ओरडायचे, "टरक हाय रे, टरक! झोपा!" मग पत्रा थरथरला तरी कुणी उठायचं नाही. खरोखर धक्का असला तर त्यांची हाक यायची नाही, म्हणजे उठायचं. आम्हा पोरांना त्या हाकेची इतकी सवय झाली की नंतर ट्रक गेल्याचं कळायचंसुद्धा नाही.

जागं कुणीतरी आहे आणि तो आपला आहे, एवढ्यावर आम्ही झोपायला शिकलो.

---

सोलापूरकर_अण्णा

माळवद, वाचून डोळ्यात पाणी आलं.

मी तेव्हा सोलापुरात कॉलेजात होतो. बातमी आली तशी आम्ही पोरं मिळेल त्या गाडीनं उमरग्याकडे निघालो. पुढच्या दिवसांत पाऊस लागला, मातीचा चिखल, त्यात दगड उपसायचे. सरणाला लाकूड पुरत नव्हतं, ढासळलेल्या घरांच्या तुळया-खांब त्यासाठी वापरले. आठ ते दहा हजार माणसं गेली असं म्हणतात. ते आकडे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. एका गावात नाव विचारून यादी करत होतो आणि यादी सांगणारा माणूस मध्येच म्हणाला, "आता मलाबी लिवा." तो समोर उभा होता.

पण ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या पहिल्या आठवड्यात नाही. पहिल्या आठवड्यात देशभरातून माणसं आली, लष्कर आलं, डॉक्टर आले. त्यांनी जीव वाचवले, त्याला तोड नाही. धीर मात्र नंतर राहिलेल्यांनी दिला. सगळे परत गेल्यावर, दिवाळी आली तेव्हा, कुणाच्या दारात पणती नाही अशा वेळी जे तिथं होते त्यांनी. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी ही संस्था लोहारा तालुक्यातल्या हराळीला आली ती आजही तिथंच आहे, शाळा चालवते. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, आणि नेऊन सोडून दिली नाहीत, वर्षानुवर्षं सांभाळली. लेकरू सुरक्षित आहे हे कळल्यावर इकडच्या आजी-आजोबांना, चुलत्यांना किती बळ आलं असेल याचा विचार करा.

माझं मत विचाराल तर घाबरलेल्या माणसाला पहिल्यांदा कोण आलं यापेक्षा पुन्हा कोण आलं हे जास्त लक्षात राहतं.

---

रोखठोक_परंडेकर

धागा चांगला आहे, पण सगळंच गोड लिहू नका. मदतीनं त्रासही झाला.

बघ्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले होते, रुग्णवाहिका अडकत होत्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात कुजले. ज्या बाईनं कालपर्यंत चार माणसांना जेवायला वाढलं तिला वापरलेल्या साड्यांच्या ढिगातून साडी निवडायला लावणं हा आधार नाही, अपमान आहे.

दुसरं पुनर्वसन. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवली. भूकंपरोधक घरं, रुंद सरळ रस्ते, नकाशावर एकदम छान. पण जुन्या गावात भिंतीला भिंत होती. म्हातारीनं घरातून हाक मारली की शेजारीण ओ द्यायची. नव्या गावात एवढं अंतर की हाक पोचत नाही. सोडतीत घरं मिळाली तिथं भावकी फुटली, गल्ली फुटली. माझ्या मावशीला शेडमध्ये झोप लागायची, पक्क्या घरात गेल्यावर उडाली. माळवद यांनी सांगितलेली ती ओळ, तो कंदील, हे सगळं पक्क्या घरांनी संपवलं. हेही लिहिलं पाहिजे.

---

माळवद

परंडेकर, तुम्ही म्हणता ते खरं आहे. नव्या गावात गेल्यावर आमचे ते आजोबा एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या टोकाला. सुरुवातीला ते रात्री काठी टेकत पूर्ण गावाला फेरी मारायचे. पुढे थकले.

पण एक जोडतो. आमच्या गल्लीतल्या चार-पाच घरांनी घरं मिळाल्यावर कुलूप लावून ठेवलं आणि बरेच दिवस सगळ्या बायका-लेकरं एकाच घरात झोपली. पुरुष ओट्यावर. त्या घरातल्या कुणालाही वाटलं नाही की गर्दी होते. आळीपाळीनं एकेक घर "उघडलं". आज यांच्याकडे, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे. असं करत प्रत्येक घरात सगळ्यांनी मिळून झोपून झालं, मग ज्याचं तो राहू लागला. हे कुणा साहेबानं सांगितलेलं नव्हतं.

---

थर_आणि_गिलावा

मी स्थापत्य अभियंता, तरुणपणी भूकंप पुनर्वसनाच्या कामावर होतो. ताईंनी शास्त्रीय माहिती नको म्हटलंय, पण थोडं सहन करा, कारण याचा भीतीशी थेट संबंध आहे.

किल्लारीत माणसं जमिनीनं मारली नाहीत, भिंतींनी मारली. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत, आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोट्यांचा भराव आणि सगळं मातीत बांधलेलं. वर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पिढ्यान्‌पिढ्या टाकलेली माती, उन्हासाठी आणि गळतीसाठी. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंत पोटातून फुगते आणि फुटते, वरचा मातीचा बोजा खाली येतो. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचे सांगाडे उभे होते आणि भिंती पडलेल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलंय.

जी गावं उठवली नाहीत तिथं घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, भिंतीत आरपार जाणारे दगड किंवा सळईचे टाके बसवायचे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यायचे, भिंतींना वरून पट्टा बांधायचा. काम सोपं, पण लोक करायला तयार नव्हते. दगडाच्या घराला हात लावायलाच भ्यायचे.

एका घरी आजीबाई रोज काम बघायला दगडावर बसायच्या, आत यायच्या नाहीत. मी भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई घालून सिमेंट भरत होतो. त्यांना म्हटलं, या, दुसऱ्या बाजूनं सळईचं टोक धरा. त्या आल्या. भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. त्यांनी टोक हलवलं, ते माझ्या हाताला कळलं. म्हणाल्या, "म्हंजे आता ही दोन्ही बाजूंनी एकच भिंत झाली का?" होय म्हटलं. त्यानंतर उरलेल्या सगळ्या सळया त्यांनी धरल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पूर्णाकाठची ताई, तुमच्याकडे पत्र्याची घरं असतील तर पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड आधी खाली उतरवा. या धक्क्यांनंतर प्रशासनानंही हेच सांगितलं होतं. पत्रे हुक-बोल्टनं आवळून घ्या. खाटेच्या वर फळीवर जड डबे, जाते-पाटे ठेवू नका. झोपायची जागा दाराजवळ, भिंतीपासून सुटी. आणि हे एकट्यानं करू नका, चार घरांनी मिळून करा. आईलाही हात लावू द्या.

---

निशिगंधा_न

मी समुपदेशक आहे, थोडक्यात लिहिते. जावेनं लेकराला आत न नेणं हे मोठ्यांचं घाबरणं आहे, लेकरू ते बघून शिकतं. तिला रागावू नका. दिवसाउजेडी, दार सताड उघडं ठेवून, कुणीतरी सोबत असताना आत आंघोळ घालायची, आधी तेवढंच. रात्रीचं नंतर बघू. मोबाइलवर भूकंपाचे व्हिडिओ बघणं घरात संध्याकाळनंतर बंद.

आईची झोप, भूक खूप दिवस उडालेली असेल, छातीत धडधड होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं. फोन करताना शेजारी बसा, एकटीला फोन देऊन जाऊ नका.

---

टाळकरी

राम कृष्ण हरी. मी औसा तालुक्यातला, वय झालं. मला श्रद्धेविषयी सांगायचंय, कारण तो प्रश्न कुणी विचारला नाही पण सगळ्यांच्या मनात असतो.

गणपती बोळवून आलो आणि त्याच रात्री हे. माझा धाकटा भाऊ आणि त्याची दोन लेकरं गेली. मी माळ काढून खुंटीला अडकवली, म्हणजे खुंटी तरी कुठं होती, शेडच्या तारेला अडकवली. देवाचं नाव घेणार नाही म्हटलं. कुणी म्हणायचं पाप वाढलं म्हणून झालं, त्यांचा तर मला संताप यायचा. लेकरांनी काय पाप केलं होतं?

आमच्या भजनी मंडळातली मोजकी माणसं उरली होती. पखवाज फुटला होता. त्यांनी संध्याकाळी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून भजन सुरू केलं, माझ्या शेडसमोर. मला कुणी चला म्हटलं नाही. माळ का काढली हे कुणी विचारलं नाही. फक्त रोज तिथंच बसायचे आणि माझी जागा मोकळी ठेवायचे. मी आतून ऐकायचो. कधीतरी एका संध्याकाळी त्यांच्यातला एक चाल चुकला, मला राहवलं नाही, आतूनच मी ती ओळ उचलली. कुणी मागं वळून बघितलं नाही. तसंच पुढं म्हणत राहिले.

माझा विश्वास तेव्हा माझ्यापाशी नव्हता. त्यांनी तो माझ्यासाठी सांभाळून ठेवला होता आणि मला घाई केली नाही. देवानं असं का केलं याचं उत्तर मला अजून मिळालं नाही. पण ती माणसं मला देवानंच दिली असं मी म्हणतो, ज्याला नाही पटत त्यानं नुसतं माणसं म्हणावं.

---

सोलापूरकर_अण्णा

टाळकरी काका, दंडवत. पुढं काही लिहायलाच नको.

---

संवादिनी_लातूर

अण्णा, मी मात्र लिहिणार. माझी आई संवाद सहायक होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात सरकार आणि गाव यांच्यामध्ये दुवा म्हणून महिला मंडळांतल्या बायका नेमल्या होत्या, त्यांना संवाद सहायक म्हणायचे. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था हे काम बघत होती. हजाराहून जास्त गावांत अशा बायका होत्या. घर कसं मजबूत करायचं, पैसे कोणत्या हप्त्यात मिळणार, सिमेंटचं काम किती दिवस भिजवायचं, गवंडी कुठं हात राखतोय, हे सगळं त्या शिकल्या आणि घरोघर सांगत फिरल्या.

माझी आई त्याआधी गावच्या चावडीची पायरी चढली नव्हती. भूकंपानंतर तर ती बोलायचीच बंद झाली होती, माझी बहीण गेली त्यात. मंडळातल्या बायका बैठकीला ओढून न्यायच्या, ती कोपऱ्यात बसायची. एकदा इंजिनिअर साहेब घाईघाईत काहीतरी सांगून निघाले तेव्हा ती उठून म्हणाली, "साहेब, आमची माणसं भिंतीखाली मेलीत. पुन्हा सांगा, नीट." त्यांनी पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून बायका तिलाच पुढं घालायला लागल्या. ती म्हणते, मला धीर नव्हता, पाठीमागं एवढ्या बसल्यात म्हणून तोंड उघडलं.

२००१ मध्ये २६ जानेवारीला कच्छमध्ये भूकंप झाला. संस्थेनं आपल्या लातूर-उस्मानाबादच्या काही बायकांना तिकडे नेलं, आईही होती. भाषा येत नाही, हिंदी मोडकं. एका गावात तंबूबाहेर एक बाई मातीत बोटानं रेघा ओढत बसली होती, कुणाशी बोलत नव्हती. आई तिच्याशेजारी बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग पिशवीतून आमच्या नव्या घराचा फोटो काढून तिच्या हातात दिला. फोटोत दारात मी, माझा भाऊ आणि म्हैस. त्या बाईनं विचारलं, कितने साल? आईनं हातानं दाखवलं, सात. त्या बाईनं फोटो पुन्हा पुन्हा बघितला, म्हशीवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदा रडली.

पुढे त्सुनामीनंतर तामिळनाडूतही आपल्याकडच्या बायका गेल्या होत्या. आई त्यात नव्हती, गुडघे दुखायला लागले होते.

पूर्णाकाठची, हा धागा मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लिहून काय कळतंय, मला तिच्या आईला भेटायचंय." गाडीनं चार-पाच तासांचा रस्ता आहे. तुमची हरकत नसेल तर आम्ही येतो.

---

पूर्णाकाठची

मला काय लिहावं कळत नाही. सगळे प्रतिसाद आईला आणि जावेला बसून वाचून दाखवले. आई टाळकरी काकांच्या प्रतिसादाला दोनदा थांब म्हणाली. ट्रकच्या हाकेचं तिनं शेजारच्या काकूंना सांगितलं, त्यांनी आणखी चौघींना.

थर_आणि_गिलावा काका, रविवारी आमच्या आळीतल्या पोरांनी सहा घरांच्या पत्र्यांवरचे दगड उतरवले. आईनं खाली उभं राहून दगड झेलून बाजूला रचले, नको म्हटलं तरी ऐकलं नाही. हुक-बोल्टचं सामान वसमतहून आणायचंय. माझे दीर आणि शेजारचे दोघं रात्रीच्या पाळीला तयार झालेत, म्हणजे आवाज आला की कोणता काय ते एक जण बघेल आणि हाक देईल. आई अजून पडवीतच झोपते. पण अंथरूण उंबऱ्याच्या आत सरकलंय, डोकं आत आणि पाय बाहेर. मी काही बोलले नाही.

संवादिनी ताई, हरकत कसली? कधीही या, नक्की या. आमच्याकडे मुक्काम करा. तुमच्या आईला जमिनीवर बसायला त्रास होत असेल तर खाट आहे. पुढच्या शनिवारी गावातल्या बचत गटाची बैठक आहे, तेव्हा आलात तर सगळ्याच बायका भेटतील.

---

संवादिनी_लातूर

शनिवारी येतो. आई विचारतेय, तुमच्याकडे भिंती दगड-मातीच्या किती घरांच्या आहेत आणि विटांच्या किती, ते बायकांकडून लिहून ठेवायला सांग. आणि तो म्हशीचा फोटो ती सोबत आणतेय.

---

माळवद

ताई, तुमच्या गाडीत जागा असेल तर मीही येतो. औशाला थांबतो.

---

टाळकरी

औशाला मलाही घ्या.